तेरेझीनची सहल: अर्ध्या दिवसाची घेऊ नका

प्रागहून तेरेझीनला मी एकाच आठवड्यात दोनदा गेले. पहिल्यांदा एका सहल कंपनीच्या बसनं, सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत. दुसऱ्यांदा मुलीला घेऊन, साध्या प्रवासी बसनं, दिवसभर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशा सहली विकणारे बरेच आहेत आणि मी चाळलेल्या पत्रकांत बेत थोडाफार सारखाच होता. नुसते पैसे वाया गेले असते तर मी लिहायला बसले नसते. त्या सहलीनं मला जे गाव दाखवलं, ते १९४४ च्या उन्हाळ्यात नाझींनी पाहुण्यांना दाखवायला उभं केलेलं गाव होतं. इतक्या वर्षांनी मीही तेच बघितलं आणि मान डोलावून परत आले. ही गोष्ट मला झोपू देईना.

ठिकाणाची माहिती आधी देते. तेरेझीन हे चेक देशातलं तटबंदीचं गाव. सम्राट दुसऱ्या जोसेफनं अठराव्या शतकाच्या अखेरीला ते वसवलं आणि आपल्या आईचं, मारिया तेरेझाचं, नाव दिलं. प्रागकडून आलं की आधी छोटा किल्ला लागतो, तो गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा, तुरुंग होता. नदी ओलांडली की मुख्य गाव, तेच घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती. २४ नोव्हेंबर १९४१ ला ज्यूंची पहिली तुकडी इथे आणली गेली. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं आली. ३३ हजारांहून जास्त इथेच मेली, उपासमारीनं आणि रोगांनी. ८७ हजारांच्या आसपास माणसं इथून पूर्वेकडे, दुसऱ्या घेट्टोंकडे आणि मृत्यूछावण्यांकडे पाठवली, त्यातली चार हजारसुद्धा वाचली नाहीत.

पहिल्या सहलीचा गाईड तरुण होता, बोलायला गोड, इंग्रजी उत्तम. छोट्या किल्ल्यात तासभर, घेट्टो संग्रहालयात चाळीस मिनिटं, मग बस. वाटेत तो सांगत होता: इथे ऑपेरा व्हायचा, 'ब्रुंडिबार' हा मुलांचा ऑपेरा पन्नासच्या वर वेळा झाला, फुटबॉलचे सामने व्हायचे, वाचनालय होतं, व्याख्यानं व्हायची, कॉफी हाऊस होतं, स्वतःची बँक होती. बाकीच्या छावण्यांपेक्षा इथे बरं होतं, असं तो म्हणाला. त्यानं सांगितलेल्यातली एकेक गोष्ट खरी आहे, हे मी नंतर ताडून पाहिलं. हान्स क्रासाचा तो मुलांचा ऑपेरा खरंच झाला, कॉफी हाऊस खरंच होतं, बँकही. सगळं खरं सांगूनही माणसाची दिशाभूल करता येते, आणि तेरेझीनमध्ये नेमकं हेच केलं गेलं. गाईडनं खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही. पण तो ज्या वाटेनं आम्हाला घेऊन गेला ती वाट कोणी आखली होती, हे त्यानं सांगायला हवं होतं.

मला परत खेचून नेलं ते नोटांनी. मी बत्तीस वर्षं बँकेत कॅशवर बसले, नोट दिसली की डोळा तिथेच अडकतो. संग्रहालयात काचेमागे घेट्टोच्या नोटा आहेत, एक क्राउनपासून शंभर क्राउनपर्यंत. एका बाजूला मोझेस, हातात दहा आज्ञांच्या शिळा. पेट्र किएन या कैदी चित्रकारानं चित्र काढलं, आणि मोझेसचं नाक नाझींच्या व्यंगचित्रांतल्या ज्यूसारखं वाकडं आहे. पण माझं लक्ष कागदाकडे गेलं. चलनात फिरलेली नोट मऊ पडते, घडीवर विरते, कोपरे काळे होतात, अंगठा लागतो तिथे चकाकी जाते. ह्या नोटा कोऱ्या करकरीत होत्या. एकीवरही घडी नव्हती. मी वाकून बघत होते तेवढ्यात बसची हाक आली.

दुसऱ्या खेपेला आम्ही आधी कळवून गाईड ठरवली होती. साठीच्या पुढच्या बाई, त्याच भागात वाढलेल्या. मी त्यांना सगळ्यात आधी नोटांपाशी नेलं आणि माझी शंका सांगितली. त्या हसल्या नाहीत, हात धरून म्हणाल्या, "बरोबर बघितलंत. ह्या पैशानं घेण्यासारखं काही नव्हतंच." कैद्यांना पगार मिळायचा, पासबुकात रक्कम जमा व्हायची, पण दुकानांत होतं काय, तर कैद्यांच्याच सामानातून काढून घेतलेले कपडे आणि भांडी. नोटेवर तर नोट असा शब्दही नाही. जर्मनमध्ये 'पावती' लिहिलंय. खाली धमकी छापलीय, की ही पावती जो बनावट करील किंवा बनावट पावती चालवील त्याला अत्यंत कडक शिक्षा होईल. तारीख १ जानेवारी १९४३. सही याकोब एडेलश्टाइनची, घेट्टोतल्या ज्यूंचा प्रमुख म्हणून.

त्या सहीचं पुढे काय झालं ते बाईंनी सांगितलं. एडेलश्टाइनला १९४३ च्या डिसेंबरात ऑशवित्झच्या मृत्यूछावणीत नेलं. २० जून १९४४ ला तिथे त्याच्यासमोर आधी त्याच्या बायकोला आणि मुलाला गोळ्या घातल्या, मग त्याला. तीनच दिवसांनी, २३ जूनला, तेरेझीनमध्ये रेड क्रॉसचे पाहुणे आले आणि त्याच्या सहीचं चलन चालणारी बँक त्यांच्यापुढे मांडली गेली. सही चालू, सही करणारा मारलेला. माझ्या नोकरीत मृत खातेदाराच्या सहीवर कोणी पैसे काढले तर आम्ही रात्रीचा दिवस करायचो. इथे अख्खं गाव त्या सहीवर चाललं होतं. बँकेचा प्रमुख देसिदेर फ्रीडमान, पूर्वी व्हिएन्नाच्या ज्यू समाजाचा अध्यक्ष. त्यालाही ऑक्टोबरात ऑशवित्झला पाठवून मारलं.

आता त्या पाहुण्यांबद्दल. १९४३ च्या ऑक्टोबरात डेन्मार्कहून साडेचारशेच्या वर ज्यू इथे आणले गेले आणि डॅनिश सरकारनं त्यांची चौकशी सोडली नाही. आमची माणसं आम्हाला बघू द्या, असा तगादा लावला. नाझींनी कुजबुज थांबवायला भेटीला होकार दिला आणि गाव सजवायला घेतलं. 'सुशोभीकरण' हाच त्यांचा अधिकृत शब्द. घेट्टो हा शब्द काढून 'ज्यू वस्ती' असं नाव आलं. रस्त्यांना आधी नुसती अक्षरं आणि आकडे होते, त्यांना नावं मिळाली. चौकातलं कुंपण निघालं, हिरवळ आली, बँडसाठी मांडव आला, मुलांना खेळायला जागा आली. आणि गर्दी दिसू नये म्हणून मे महिन्यात तीन गाड्या भरून ७,५०३ माणसांना ऑशवित्झला रवाना केलं. हिरवळीसाठी जागा अशी झाली.

चौकात आम्ही बाकावर बसलो होतो तेव्हा बाईंनी हा आकडा सांगितला. मुलगी उठून उभी राहिली, पुढची पाच मिनिटं बसली नाही.

पाहुणे तिघं: डेन्मार्कचे दोन अधिकारी आणि आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसचा स्विस प्रतिनिधी मॉरिस रोसेल. एक दिवस फिरले, ठरलेल्या वाटेनं, ठरलेल्या घरांत, एसएस या नाझी दलाच्या सोबतीनं. एडेलश्टाइननंतर ज्यूंचा प्रमुख झालेला पाउल एप्श्टाइन काळ्या सुटात माहिती देत होता. जे बोलायचं ते पढवलेलं. रोसेलनं फोटो काढले आणि अहवाल लिहिला. त्याला एक नेहमीसारखं छोटं शहर दिसलं होतं, आणि त्यानं असंही नोंदवलं की ही शेवटची छावणी आहे, इथे आलेल्याला सहसा पुढे कुठे पाठवत नाहीत. तोपर्यंत हजारो पाठवले गेले होते. मे महिन्यात गेलेल्यांना ऑशवित्झच्याच बिर्केनाऊ भागातल्या 'कौटुंबिक छावणीत' ठेवलं होतं, तीही गरज पडली तर पाहुण्यांना दाखवण्यासाठी. अहवाल चांगला आला, बिर्केनाऊची भेट झालीच नाही, आणि जुलैमध्ये ती छावणी मोडून कामाला न निवडलेल्या सगळ्यांना गॅसकडे नेलं. एप्श्टाइनला सप्टेंबरात छोट्या किल्ल्यात गोळी घातली.

एखाद्या जागेबद्दल लोकांनी काय लिहिलंय ते वाचून आपण ठरवतो, जावं की नाही. मीही आत्ता तेच करतेय. म्हणून रोसेलचा अहवाल माझ्या मनातून जात नाही. त्यानं बंद दार उघडून बघितलं नाही, एकाही माणसाला बाजूला घेऊन विचारलं नाही. निदान तसा आग्रह तरी धरता आला असता.

मग नाझींनी सिनेमाही काढला. कुर्ट गेरॉन हा बर्लिनचा नामवंत नट आणि दिग्दर्शक कैदेत होता, त्याच्याकडून ऑगस्ट आणि सप्टेंबरात चित्रीकरण करून घेतलं. लगेच २८ सप्टेंबर ते २८ ऑक्टोबर या एका महिन्यात अकरा गाड्यांतून १८,४०२ माणसं ऑशवित्झला गेली. शेवटच्या गाडीत गेरॉन होता. संग्रहालयात त्या सिनेमाचे जपलेले तुकडे दाखवतात. पहिल्या सहलीत आम्ही त्यातली बागेला पाणी घालणारी माणसं बघितली होती आणि कोणीतरी मागून म्हणालं होतं, "तब्येती बऱ्या दिसतात."

हा देखावा पाहुण्यांपुरता नव्हता, गिऱ्हाइकांसाठीही होता, हे मला माहीतच नव्हतं. १९४२ पासून जर्मनीतल्या वयस्कर ज्यूंशी करार केले गेले: घर, ठेवी, विमा आमच्या नावे करा, तेरेझीनमध्ये तहहयात राहणं, जेवण, औषधपाणी मिळेल. लोक उन्हाळ्याचे कपडे आणि ठेवणीतल्या वस्तू घेऊन आले. माळ्यावर, जमिनीवर, पाण्याशिवाय झोपले, आणि त्यातले फार थोडे वर्ष काढू शकले. मी आयुष्यभर वयस्कर खातेदारांचे मुदतठेवीचे अर्ज भरून दिले आहेत. थरथरती सही नीट यावी म्हणून कागदाखाली पुठ्ठा धरला आहे. तो करार ऐकताना मला तेच हात दिसत होते.

छोट्या किल्ल्यातली एक खोली पहिल्या सहलीतही बघितली होती. भिंतीला ओळीनं पांढरी बेसिनं, वर आरसे, बेसिनांवर नळ. 'दाढीची खोली' म्हणून आम्ही फोटो काढून पुढे गेलो. बाईंनी दारात थांबवलं. ही खोली १९४४ मध्ये तपासणीसाठी सजवली, या नळांना पाणी कधी आलंच नाही. मी बेसिनच्या कडेकडे बघत राहिले. साबणाचा डाग पडलेला नाही, कुठे कपची उडालेली नाही. कोऱ्या नोटेसारखंच.

तुमच्याकडे वेळ कमी असेल तर किल्ल्यातल्या कोठड्या कमी करा, पण गावातली माग्देबुर्ग बराक सोडू नका. पहिल्या सहलीत ती नव्हतीच. तिथे चित्रकारांची दालनं आहेत. बेडर्झिख फ्रिटा, लेओ हास, ओटो उंगार, फर्डिनांड ब्लोख ही माणसं घेट्टोच्या ड्रॉइंग ऑफिसात कामाला होती. दिवसा नाझींसाठी तक्ते आणि सुबक अहवाल काढायचे, लपूनछपून खरं गाव काढायचे: जेवणाच्या रांगा, प्रेतगाड्या, आंधळे म्हातारे, आणि ती दिखाऊ दुकानं. पाहुणे जाऊन महिना झाला नव्हता, १७ जुलैला त्यांना पकडलं. आरोप काय, तर 'भयप्रचार'. जे दिसलं ते काढलं, त्याला प्रचार म्हणाले, आणि हिरवळीला वस्तुस्थिती. ब्लोख छोट्या किल्ल्यात मारला गेला, फ्रिटा ऑशवित्झमध्ये मेला. हास वाचला, परत येऊन त्यानं फ्रिटाच्या लहान मुलाला दत्तक घेतलं. चित्रं भिंतीत आणि जमिनीत लपवली होती, ती सापडली. फ्रिटाच्या शाईच्या रेघा जवळून बघा. काळ्या रंगावर काळा रंग चढवत गेलाय, कागद जागोजागी खडबडीत झालाय.

इथवर मला वाटत होतं की ही नाझींची गोष्ट आहे आणि ती १९४५ ला संपली. घेट्टो संग्रहालयाच्या पायऱ्यांवर बाईंनी पुढचं सांगितलं. ही इमारत मुळात गावची शाळा. घेट्टोत इथे मुलग्यांचं वसतिगृह होतं. पेट्र गिंझ नावाचा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा संपादक होता, मुलं दर आठवड्याला 'वेडेम' नावाचं हस्तलिखित काढायची. सुमारे आठशे पानं उरली आहेत. पेट्र १९४४ मध्ये ऑशवित्झला मारला गेला. एवढा इतिहास असलेल्या घरात युद्धानंतरच्या कम्युनिस्ट राजवटीनं घेट्टोचं संग्रहालय होऊ दिलं नाही. तिथे पोलीस दलाचं आणि उत्तर बोहेमियाच्या क्रांतिकारी परंपरांचं संग्रहालय मांडलं. घेट्टो संग्रहालय उघडलं ते १९९१ मध्ये, राजवट गेल्यावर.

बाई शाळेत असताना गळ्यात पायोनियर या कम्युनिस्ट बालसंघटनेचा लाल रुमाल बांधून सहलीला इथे आल्या होत्या. छोटा किल्ला दाखवला. तिथे १९४७ पासून स्मारक आहे, कारण तिथे राजकीय कैदी होते, कम्युनिस्ट होते. त्या तुरुंगात सुमारे २,६०० माणसं मेली, आणि तेही विसरता कामा नये. पण नदीपलीकडच्या ३३ हजारांबद्दल एक वाक्य. "फॅसिझमचे बळी, असं शिकवायचे," बाई म्हणाल्या. "कोण होते ते, ते मला आजीनं सांगितलं, स्वयंपाकघरात, रेडिओ मोठा करून."

मुलीनं विचारलं, "पण हे कम्युनिस्ट तर नाझींविरुद्ध लढलेले लोक होते ना?"

बाईंनी तिला १९५२ सांगितलं. नोव्हेंबरात प्रागला कम्युनिस्ट पक्षाचाच माजी सरचिटणीस रुडॉल्फ स्लान्स्की आणि आणखी तेरा जणांवर खटला चालला. चौदातले अकरा ज्यू. आरोपपत्रात त्या अकरांच्या नावापुढे 'ज्यू वंशाचा' असं नोंदवलेलं, आणि आरोप झायोनिस्ट, म्हणजे ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राच्या बाजूच्यांच्या, कटाचा. पक्षाचं म्हणणं, आम्ही झायोनिझमविरुद्ध आहोत, ज्यूंविरुद्ध मुळीच नाही. कबुलीजबाब पाठ करून घेतलेले. एकूण चौदांतल्या अकरा जणांना ३ डिसेंबरला फाशी दिलं आणि राख प्रागबाहेर रस्त्यावर टाकून दिली. त्यातला एक रुडॉल्फ मार्गोलियुस, ऑशवित्झ आणि दाखाऊ या नाझी छावण्यांतून जिवंत परत आलेला माणूस. मॉस्कोहून आलेला हा शब्दांचा खेळ पुढेही चालला: ज्यू म्हणायचं नाही, 'झायोनिस्ट' म्हणायचं, 'मुळं नसलेला विश्वनागरिक' म्हणायचं. जिवंत माणसावर आरोप करताना त्याचा वंश लिहायचा, आणि मेलेल्यांना स्मारक बांधताना तोच वंश पुसायचा. इस्रायल सरकारच्या धोरणांवर टीका करणं वेगळं, आणि ते कुणालाही करता यावं. इथे एका माणसाच्या आजोबांचं आडनाव काढून त्याला फासावर चढवलं होतं.

ओहर्झे नदीकाठी शेवटी जा. १९४४ च्या नोव्हेंबरात नाझींनी दहनगृहातली सुमारे २२ हजार माणसांची राख नदीत ओतायला लावली. कैद्यांची रांग करून, हातोहात, पुठ्ठ्याच्या खोक्यांतून, रांगेत मुलंही होती. खोक्यांवर नावं लिहिलेली होती. तिथे लहानसं स्मारक आहे, फारसं कोणी येत नाही. आम्ही गेलो तेव्हा एकटेच होतो.

जाणाऱ्यांसाठी: प्रागच्या होलेशोव्हित्से स्थानकापासून लिटोमेर्झित्सेकडे जाणारी बस घ्या, तासाभरात उतरवते. सगळ्या जागांचं एकत्र तिकीट मिळतं, तेच काढा. शनिवारी जाऊ नका, दहनगृह बंद असतं. चालणं भरपूर आहे, किल्ल्यातला दगड ओबडधोबड, गुडघ्यांचा त्रास असेल तर काठी न्या. हिवाळ्यात लवकर बंद होतं. गाईड आधी ठरवा आणि आधीच सांगा, की १९४५ नंतरचंही ऐकायचंय. परतीच्या बसमध्ये ड्रायव्हरनं मला शंभर क्राउनची नोट परत दिली, चौथा चार्ल्स असलेली, घडीवर पार विरलेली. मुलगी म्हणाली, "आई, बदलून माग." मी नाही मागितली.

आणि हे करून दुसऱ्या दिवशी प्रागमध्येच पिंकास सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं जुनं प्रार्थनास्थळ, बघा, आधी नको, नंतर. आत भिंतीभर बोहेमिया आणि मोराव्हियातल्या मारल्या गेलेल्या ज्यूंची नावं हातानं लिहिलेली आहेत, ७७ हजारांवर, गावांप्रमाणे. पहिल्यांदा १९५० च्या दशकात लिहिली. १९६८ मध्ये दुरुस्तीच्या नावाखाली इमारत बंद केली, ती राजवट जाईपर्यंत उघडली नाही, आणि नावं गेली. १९९२ ते १९९६ मध्ये ती पुन्हा, पहिल्यापासून लिहावी लागली. वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या मुलांची चित्रं आहेत. फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या शिक्षिकेनं ऑशवित्झला जाण्याआधी दोन सुटकेसमध्ये भरून ठेवलेली, साडेचार हजारांच्या आसपास. एका चित्रात नुसता दिवा आहे, टेबलावर. मी तिथे खालीच बसले, मुलीला म्हटलं, तू फिरून ये, मला ही नावं वाचू दे.